डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवून द्या, डॉक्टर

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्या समस्त डॉक्टर साहेबांना आणि मॅडमना रामराम.

मी अमळनेर तालुक्यातली एक शिलाईवाली. ब्लाउज शिवते, 24 वर्षं झाली. साधा, अस्तरचा, कटोरी, प्रिन्सेस कट, जे म्हणाल ते, पिको-फॉल पण करते. हे आधीच सांगून टाकलं कारण पुढं जे लिहिलंय त्यात पेशंट कमी आणि शिलाईवाली जास्त आहे. पेशंट म्हणून तुमच्यासमोर बसलं की तोंडातून "बरंय डॉक्टर" एवढंच निघतं, बाहेर साठ माणसं नंबर लावून बसलेली, कंपाउंडर दार अर्धं उघडून उभा, त्यात तुम्ही सकाळपासून जेवलेले नसता हे पण दिसतं. म्हणून ऑपरेशननंतर ब्लाउजच्या रिकाम्या बाजूला काय घालायचं, त्याबद्दल हे पत्र लिहून राहिले. मोबाईलवर बोलून बोलून टाइप केलंय, पोरीने थोडं नीट केलं, तरी कुठं वाक्य लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिले घरचं सांगते, थोडक्यात. आमचे हे जिनिंगला काट्यावर होते. कापसाच्या गाड्या यायच्या, वजन, ओल, नोंद, हे त्यांचं काम. मूठभर कापूस हातात दाबला की सांगायचे ओल 8 च्या आत आहे का 12 च्या वर गेली, मशीन नंतर तेच आकडे दाखवायचं. सीझन संपला की घरी उशांना घालायला चांगला पिंजलेला कापूस आणायचे, पाऊण किलो, एक किलो, तो पोटमाळ्यावर गोणीत असायचा. 2021 च्या एप्रिलमध्ये ते गेले. कोरोनात. नऊ दिवस. शेवटचं तोंड दाखवलं ते प्लास्टिकमधून. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही, ज्यांच्या घरात तो एप्रिल झाला त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांच्या झाला नाही त्यांना सांगून कळत नाही. एक गोष्ट मात्र लिहिते कारण पुढं लागणार आहे. आमच्या घराला तेव्हा पत्रा ठोकलेला, आम्ही सगळे पॉझिटिव्ह, म्हणून बांगड्या फोडायला, पोत तोडायला कोणी बाई आलीच नाही. मीच रात्री गळ्यातली पोत काढली आणि कुठं ठेवावी सुचेना म्हणून बटणाच्या डब्यात टाकली. वाटी-डोरलं सोन्याचं होतं ते नंतर काढून पोरीच्या नावाने ठेवलं. मणी तसेच राहिले, हूक आणि प्रेस बटणांमध्ये.

त्याच दिवाळीला आंघोळीत गाठ लागली हाताला. छातीत डाव्या बाजूला, बोराएवढी. दुखत नव्हती. आता मला कोणी विचारलं की बाई तू सात महिने गप्प का बसलीस, तर त्याचं उत्तर ह्याच दोन शब्दांत आहे, दुखत नव्हती. आपल्याकडं जे दुखतं ते खरं. आणि दुसरं असं की सांगायचं कोणाला. अशी गोष्ट बाई आधी नवऱ्याला सांगते. सासू म्हातारी, पोरगी बारावीला, पोरगा लहान. कामं पण घेत नव्हते तेव्हा, मशीनवर चादर टाकून ठेवलेली. खरं बोलायचं तर आतून असं पण वाटायचं की असू दे जे असेल ते, बरंच आहे. हे मी पहिल्यांदा लिहिते आहे.

2022 च्या जूनमध्ये बाईडॉक्टरला दाखवलं, तिथून सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सी, आणि मग मोठा दवाखाना. कोणता ते लिहीत नाही, तिथल्या लोकांनी माझा जीव वाचवलाय, त्यांची नाचक्की करायला पत्र नाही. महात्मा फुले योजनेत सगळं झालं, केशरी कार्ड होतं. (ती योजना 2012 ला पहिल्यांदा ज्या 8 जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला धुळे होता, हे पण तिथल्याच एका बोर्डावर वाचलं मी, तासन्‌तास बसून माणूस काय काय वाचतो.) पूर्ण काढावी लागली. काखेतल्या गाठी पण काढल्या. कानबाई, आमची खान्देशातली श्रावणातली देवी, बसली त्या रविवारी मी घरी होते, पोटाशी नळीची बाटली, ती पदरात धरलेली, आणि घरात रोटांचा वास. बाया पाया पडायला आलेल्या, एकेक जण देवीकडं कमी आणि माझ्या पदराकडं जास्त बघत होती. मग केमो, 21-21 दिवसांनी, आठ. ते लाल औषध गेलं की लघवी लाल व्हायची, पहिल्या वेळी मी घाबरून सिस्टरला उठवलेलं रात्री. मग नाशिकला शेक, म्हणजे रेडिएशन, 15 दिवस. 2023 च्या फेब्रुवारीत शेक संपला आणि मार्चमध्ये एसटीला बायांना हाफ तिकीट झालं. माझं नशीब हे असं, सगळे फेरे फुल तिकिटात झाल्यावर.

आता मूळ मुद्द्यावर येते.

डिस्चार्जच्या दिवशी मला कार्ड दिलं. त्यावर गोळ्या सकाळ-संध्याकाळ, ड्रेसिंगच्या तारखा, भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम, टाक्यांना पाणी लावू नका, सगळं बरोबर. मी तिथल्या शिकाऊ डॉक्टरला विचारलं, साहेब, ब्लाउजचं काय करायचं? त्याला बिचाऱ्याला वाटलं मी जखमेचं विचारते, तो म्हणला सैल घाला ताई. म्हणलं सैल घालेन हो, पण एका बाजूला काहीच नाही, तिथं काय घालायचं? तो लाल झाला आणि मोठ्या डॉक्टरांकडं बघितलं. मोठे डॉक्टर फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "जीव वाचला ना ताई, आता ह्या सगळ्याची काय गरज आहे." रागाने नाही म्हणाले. समजुतीने म्हणाले. ते जास्त लागलं.

घरी सासूबाईंनी पण तेच विचारलं, त्यांच्या भाषेत. मी आरशासमोर उभी राहून एका बाजूला रुमालाची घडी ठेवून बघत होते, त्या मागून आल्या आणि म्हणाल्या, "आते तुले कोन देखनार शे वं?" म्हणजे आता तुला कोण बघणार आहे. मी म्हणलं, "मी देखस ना, आरसामा." त्या पुढं काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची जुनी मऊ चोळी आणून दिली, फाडून घे म्हणाल्या.

डॉक्टर, तुम्हाला वाटतं हा नटण्याचा विषय आहे. दिसण्याचा. आणि बाई विधवा असली, पन्नाशीची असली की तुमच्यासाठी तो विषय संपतो. मी 24 वर्षं बायांची मापं घेतलीत, मला विचारा. एका बाजूचं वजन गेलं की दुसरा खांदा खाली ओढतो. ब्रेसियरचा पट्टा घसरतो, बाई तो वर घ्यायला दिवसभर हात नेते. ब्लाउजचा गळा एका अंगाला फिरतो, हूक-पट्टी मधोमध राहत नाही, मुंढ्यात झोळ येतो, तो झोळ काखेतल्या टाक्यांवर घासतो. मग बाई पदर दोनदा घेते, मग वाकून चालते, मग पाठ धरते. आणि मग ती एसटीत चढत नाही, लग्नाला जात नाही, बाजारात जात नाही, आणि घरचे म्हणतात हिने कॅन्सरचं मनाला लावून घेतलं. मनाला नाही हो. ब्लाउज बसत नाही.

मी रुमाल घातला. मग पोराचे दोन मोजे. मग पोटमाळ्यावरच्या गोणीतला कापूस मलमलच्या पिशवीत भरून. हलकं काही घातलं की ते वर चढतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. 2023 च्या मेमध्ये पारोळ्याला चुलत दिराच्या पोरीचं लग्न, केस नुकते बोटभर आलेले, डोक्यावर पदर घट्ट, जेवायला बसले, उन्हाने अंग नुसतं वाफलेलं, आणि समोरची चार वर्षांची पोर माझ्या गळ्याकडं बोट करून मोठ्यांदा, "आत्या, हे काय वर आलं?" कापसाची पिशवी सरकत सरकत गळ्याच्या हाडापर्यंत आलेली. मी पत्रावळीवरून उठले. हातात घास तसाच.

त्या रात्री घरी येऊन रडायला पाहिजे होतं, सगळ्या गोष्टींत असं होतं ना. मी मशीनवरची चादर काढली. दोन वर्षांनी. पट्टा सुकून तडकलेला, सुई गंजलेली, तेल टाकलं तर वास सुटला. राग आला होता नुसता, आणि कामाचा राग होता तो, म्हणजे एखाद्या दुसऱ्या शिलाईवालीने वाईट शिवलेलं हातात आलं की येतो तसा. 24 वर्षं कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईला स्वतःची एक कटोरी भरता येत नाही का.

त्याच्या पुढचे चार महिने मी काय काय केलं ते लिहिलं तर तुम्ही हसाल. हसा. आकार पहिल्या आठवड्यात जमला, कटोरीचंच कटिंग, दोन पाकळ्या, खाली टक्स, मागून सपाट, काखेच्या बाजूला शेपटीसारखा थोडा लांब कारण तिथलं मांस पण काढलेलं असतं. वजनाचं जमेना. बाजरी भरली. आरशासमोर उभी राहून दोन्ही खांदे एका रेषेत येईपर्यंत बाजरी वाढवायची आणि मग ती पुरचुंडी किराणा दुकानात काट्यावर ठेवायची, दुकानदार म्हणे वहिनी एवढीशी बाजरी कोणाला, म्हणलं चिमण्यांना. माझं 240 ग्रॅमला बसलं. खरं वजन त्याहून जास्त असणार, पण सुती ब्रेसियरचा पट्टा त्याच्या वर पेलत नाही. बाजरी घामाने ओली व्हायची. पंधरा दिवसांत पोरकिडे झाले, आणि ते मला कुठं कळलं तर मंदिरात आरतीला उभी असताना. मग सायकलवाल्याकडून छर्रे आणले. वजन एकदम मस्त, छोटीशी पोटली, पण धुतलं की गंज, पांढऱ्या कापडावर तांबडे डाग.

मग बटणाचा डबा उघडला होता हूक काढायला. काळे मणी. काच आहे ती, गंजत नाही, कुजत नाही, घासून गुळगुळीत झालेली, टोचत नाही. पोतीचे मणी काही 240 ग्रॅम भरत नाहीत, बाकीचे जळगावला फुले मार्केटातून वजनावर आणले, पण पहिल्या पोटलीत ते पण घातले. ह्याच्यावर कोणी भावनिक पोस्ट करू नका, हात जोडते. एका ताईने केली होती, "सौभाग्याचे मणी हृदयाशी" असं काहीतरी, मी तिला फोन करून काढायला लावली. घरात होते म्हणून वापरले.

आता ते असं असतं, बाहेर दुपदरी मलमल, आत कापूस, आणि मागच्या बाजूला कप्पा, त्यात मण्यांची पोटली, बटणाने बंद. धुताना पोटली काढायची. कापूस धुतल्यावर गोळा होतो, म्हणून एक शिवण टिपेची न घालता हाताची घालते, उसवायची, कापूस काढून उन्हात टाकायचा, बोटांनी मोकळा करायचा, परत भरायचा. लोक म्हणतात ते उशीतलं फायबर भर, गोळे होत नाहीत. खरंय, होत नाहीत. पण ते घाम पीत नाही. सिलिकॉनचे तयार मिळतात ते पण मी बघितलेत, दिसायला एक नंबर, काही हजारांत जातात आणि मुंबई-पुण्याच्या एसीत ठीक असतील. आपल्याकडं मे महिन्यात 44-45 डिग्री असते, त्यात ते छातीला चिकटवून भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर एक तास उभं राहून दाखवा कोणी. शेक दिलेल्या कातडीवर तर विचारूच नका. आपल्या उन्हाला आपला कापूसच लागतो. आणि टाके सुकेपर्यंत नुसता कापूस, वजन अजिबात नाही, हे मी प्रत्येकीला बजावते आणि म्हणते डॉक्टरला विचारून मगच पोटली घाल. ह्यात काही चुकत असेल तर तुम्ही सांगा, तुमचा अधिकार आहे.

पहिली बाई मला ओपीडीच्या लाइनमध्ये भेटली. चोपड्याकडची, माझ्याहून मोठी. ती पूर्ण वेळ माझ्या ब्लाउजकडं बघत होती, शेवटी कानाशी येऊन म्हणाली, तुझी काढली नाही का वं? म्हणलं काढली ना. ती म्हणे, मग हे? मी तिला बायांच्या संडासात नेऊन दाखवलं. तिने ते हातात घेतलं, दाबलं, गालाला लावलं. तिथंच भिंतीला टेकून मी तिचं माप घेतलं, टेप नव्हता, नाडीला गाठी मारून. ती दीड वर्ष डावा हात छातीवर आडवा धरून फिरत होती. दीड वर्ष, डॉक्टर. तुमच्याकडं दर तीन महिन्यांनी येत होती ती, तिचा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल होता, तुम्ही "छान" असं लिहिलंय तिच्या फाईलवर, मी वाचलंय.

आतापर्यंत असे 63 नग शिवून झाले. वहीत लिहिते. नाव लिहीत नाही, गाव आणि माप फक्त. "चोपडा, 36, डावी." "साक्री, 34, उजवी." "शहादा, 40, दोन्ही." दोन्ही वाली आली त्या दिवशी मी घरी जेवले नाही. खर्च मणी धरून 120 च्या आसपास येतो, देणारी देते, न देणारीला मी विचारत नाही, त्या बदल्यात कोणी शेंगा आणते, कोणी केळीचा घड, एकीने कळण्याचं पीठ आणलं दोन किलो. ब्लाउजचं काम त्याच्यामुळं परत सुरू झालं, ते माझं पोट भरतं. नवरेही येतात, हे मला वाटलं नव्हतं. एक साठीचे बाबा धरणगावकडून मोटरसायकलवर आले, टोपी, धोतर, पिशवीत बायकोचा जुना ब्लाउज वर्तमानपत्रात गुंडाळलेला. अंगणातच उभे. म्हणाले, "बहीन, हाई माप. तिले सांगू नको मी उनतू." म्हणजे मी आलो होतो हे तिला सांगू नको. आणि पाठ फिरवून नीमाखाली जाऊन बसले माझं शिवून होईपर्यंत, तीन तास, पाणी पण आत येऊन प्यायले नाहीत.

अजून एक, हाताचं. काखेतल्या गाठी काढल्या की तो हात सुजू शकतो, त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, जखम नको, हे तुम्ही सांगता, मला पण सांगितलं होतं. पण कसं सांगता? "जड उचलू नका, जखम होऊ देऊ नका." आमच्या बाया घरी जातात आणि ऑक्टोबर लागला की कापूस वेचायला जातात, कारण वेचणीचे पैसे किलोवर रोख मिळतात. बोंड फुटलं की त्याची टोकं सुईसारखी असतात, संध्याकाळपर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले. त्यांच्या डोक्यात "जखम" म्हणजे विळा लागणं. ओरखडा ही जखम आहे हे त्यांना कोणीच सांगत नाही. माझ्याकडं एक जण आली, हात भाजीच्या दुधीएवढा, लाल, ताप, मी आधी माप सोडून तिला दवाखान्यात पाठवलं. तेव्हापासून माप घ्यायला आलेल्या प्रत्येकीला मी नवऱ्याचा, पोराचा जुना फुल बाहीचा शर्ट मागते आणि त्याच्या बाहीला मनगटाशी इलॅस्टिक घालून देते, वेचणीला हाच घालायचा म्हणून. तुम्ही सांगताना "शेतात फुल बाही घाला" एवढं म्हणा. पाच शब्द पण नाहीत.

गावात पण बोलायला लागले मी. मागच्या ग्रामसभेत पाणीपट्टी झाली, गटारी झाल्या, मग मी उठले. मी कोण, तर सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर कधी खाली न आलेली सून. उठले आणि म्हणलं, स्तन तपासायचं शिबिर घ्या. पुढच्या रांगेतली दोन माणसं मोबाईल बघायला लागली आणि एक जण बाहेर थुंकायला गेला. सरपंच म्हणे वहिनी हे बायांचं महिला दिनाला बघू. मग आमच्या सबसेंटरच्या सिस्टर उठल्या, त्यांनी सांगितलं की मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी 20 वर्षं, दीड लाखाच्या वर बायांचा अभ्यास केला, मशीन नाही काही नाही, शिकवून तयार केलेल्या बायांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायचं, आणि पन्नाशीच्या वरच्या बायांत त्या कॅन्सरने मरणं जवळपास 30 टक्क्यांनी कमी झालं, 2021 ला छापून आलंय ते. नुसत्या हाताने. ते ऐकून मला माझे सात महिने आठवले. बोराएवढी होती तेव्हाच कोणी हात लावून सांगितलं असतं तर कदाचित पूर्ण काढायची वेळ आली नसती, लवकर कळलं तर कधी कधी नुसती गाठ काढून बाकीचं वाचवता येतं हे मला सगळं झाल्यावर कळलं. शिबिर झालं. 41 बाया आल्या. सरपंचांनी चहा दिला, ते खरं लिहायला पाहिजे.

लोक मला विचारतात, विशेषतः 8 मार्चला शाल-श्रीफळ देताना, की आजाराने तुम्हाला काय दिलं. माईक पुढं धरतात. वॉरियर म्हणतात, फायटर म्हणतात, त्यांच्या मनात चांगलंच असतं. मी सांगते, आजाराने मला काही दिलं नाही, घेतलं, आणि जे घेतलं ते तुमच्याच बादलीत गेलं. हे गेले त्याने मी शहाणी झाले असं पण नाही. ते असते तर मी आज साधे ब्लाउज शिवत बसले असते आणि कापसाच्या ओलीवरून त्यांच्याशी भांडत असते आणि मला ते चाललं असतं, रोज चाललं असतं. पण सकाळी उठल्यावर आता मला माहीत असतं की आज शहादेवालीचं दुसरं फिटिंग आहे. दोन वर्षं मला सकाळी उठल्यावर काहीच माहीत नसायचं. तेवढा फरक पडलाय. रोजची ती पांढरी गोळी, पाच वर्षं घ्यायचीय, ती पण मी मशीनच्या खणात ठेवते, खडू आणि टेपच्या शेजारी, म्हणजे विसरत नाही.

तर विनंती एवढीच. डिस्चार्ज कार्डावर, व्यायामाच्या खाली, एक ओळ छापून घ्या. मी लिहून देते, तुम्हाला वेळ नाही. "ब्लाउजमध्ये घालायला कापडी पॅड मिळते, शिवूनही घेता येते. टाके सुकल्यावर सिस्टरला विचारा." माझं नाव नको, गाव नको. मला गिऱ्हाईक वाढवायचं नाही, 63 मध्येच माझी पाठ मोडलीय. तुमच्या दवाखान्यासमोर पण एखादी शिलाईवाली असेलच, तिला बोलवा, तिला ब्लाउजची कटोरी येत असेल तर हे अर्ध्या दिवसात येतं. 32 पासून 42 पर्यंत सहा मापांचं कागदी कटिंग मी तयार केलंय, झेरॉक्सचे पैसे मी देईन. आणि ती ओळ सांगताना बाईकडं बघून सांगा. तिच्या पोराकडं, भावाकडं, नवऱ्याकडं बघून नको. ती समोरच बसलेली असते. वय विचारू नका. माझ्या वहीतली सगळ्यात मोठी 74 वर्षांची आहे, ती म्हणाली मला पंढरपूरला जायचंय आणि टाळ वाजवताना पदर सरकतो.

ज्या दवाखान्यात मला ते "काय गरज आहे" म्हणाले होते तिथं मी गेल्या महिन्यात चेकअपला गेले तेव्हा वॉर्डच्या सिस्टरकडं एक डबा ठेवून आलेय, बिस्किटाचा पत्र्याचा. त्यात पाच नग आहेत, प्रत्येकाला माप लिहिलेली चिंधी टाचलीय, दोन बिनवजनाचे आहेत ते ताज्या ऑपरेशनवालीला. डॉक्टर साहेबांनी राउंडला जाताना तो एकदा उघडून बघावा, हातात घेऊन बघावा. सिस्टर म्हणाल्या 36 चा लगेच गेला. रिकामा झाला की कळवा, एसटीच्या कंडक्टरकडं देऊन पाठवते. फक्त कानबाईचा रविवार-सोमवार सोडून, त्या दोन दिवशी आमच्याकडं पाहुणे असतात आणि मशीन बंद असते.

तुमची,
अमळनेर तालुक्यातली ब्लाउजवाली